लष्करातली जिप्सी लिलावात घेताना

प्रश्न: शेतावर जायला लष्कराने निकालात काढलेली जिप्सी लिलावात घ्यायची आहे. सोलापुरात पासिंग होईल का? काय पाहावे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: होईल. पण बोलीआधी फॉर्म २१ मधले मूळ विक्री प्रमाणपत्र मिळणार का, ते विचारा. त्याशिवाय एमएच-१३, म्हणजे सोलापूरचा नंबर, विसरा. ऑलिव्ह हिरवा रंगही बदलावाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याचा.

गाडी ‘आहे तशी’ मिळते, म्हणून खाली झोपून चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, बघा. पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलपाशी, म्हणजे त्या चासीला जोडणाऱ्या कडीपाशी, गंजून पोकळ झाली असेल तर सोडून द्या. इंजिन बांधून घेता येते हो, कुजलेली चासी नाही. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूने ऑइलमिश्रित ग्रीस ओघळत असेल तर ॲक्सलचे सील गेले. फोर-व्हील (चारही चाकांना ताकद देणारा ड्राइव्ह) मातीतच तपासा. पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअल मध्ये नसल्याने कोरड्या डांबरीवर वळताना ट्रान्सफर केसवर (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो आणि फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो.