दरडीच्या धोक्याबद्दल बोलले, म्हणून नोटीस आली

प्रश्न: मी केंद्र सरकारच्या एका स्वायत्त संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे. हवामान बदल आणि कोकणातली अतिवृष्टी हा माझा विषय. जूनमध्ये महाड तालुक्यातल्या एका गावात ग्रामस्थांपुढे बोलले, त्याची बातमी स्थानिक दैनिकात आली. आता ‘सरकारवर टीका केली व कार्यालयीन माहिती उघड केली’ अशी कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. खुलाशाला सात दिवस आहेत. वरिष्ठ म्हणतात, माफीनामा लिहून मोकळी हो. लिहू का? की नोटिशीविरुद्ध थेट कोर्टात जाऊ?

उत्तर: नको. माफीनामा म्हणजे आरोपाची कबुली. प्रकरण पुढे गेलंच, तर तोच कागद तुमच्याविरुद्ध पहिला पुरावा ठरेल.

तुम्ही पाठवलेलं कात्रण मी पेन्सिल हातात घेऊन वाचलं. तुमच्या तोंडी नऊ वाक्यं आहेत. त्यांतली आठ पावसाबद्दल, उताराबद्दल आणि पाणी मुरून माती सुटण्याबद्दल आहेत, आणि ती सगळी तुमच्या छापून आलेल्या शोधनिबंधात आहेत. जे आधीच जगापुढे आहे, ते तुम्ही ‘उघड’ कसं करणार? केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, 1964 मधला नियम 11 अनधिकृतपणे कागदपत्रं किंवा गोपनीय माहिती देण्याबद्दल आहे. हा आरोप टिकण्यासारखा नाही. खुलाशाला निबंधाची प्रत जोडा.

नववं वाक्य मात्र अडचणीचं आहे: ‘डोंगर कापून रस्ता नेताना सरकारने डोळे मिटून घेतले.’ त्याच आचरण नियमांतला नियम 9 केंद्राच्या किंवा राज्याच्या चालू धोरणावर प्रतिकूल टीका करायला मनाई करतो. वाक्य खरं असलं तरी नियम त्याला सूट देत नाही. सूट आहे ती अधिकृत कर्तव्य बजावताना केलेल्या विधानाला. म्हणून तुमच्या दौऱ्याचा मंजुरी आदेश शोधा. त्यात ‘ग्रामस्थांशी संवाद’ असे शब्द असतील, किंवा प्रकल्पाच्या मंजुरीत जनजागृती हे काम धरलेलं असेल, तर तुमच्या बचावाचा निम्मा भार तो कागद उचलेल. आणि ते वाक्य खरंच तुमचं की वार्ताहराने सारांश करताना घातलेलं, हे प्रामाणिकपणे आठवून लिहा. म्हटलं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. म्हटलं असेल तर नाकारू नका, कारण सभेचं चित्रीकरण कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलमध्ये असतंच.

त्याआधी एक तपासा. स्वायत्त संस्थांना हे नियम आपोआप लागू होत नाहीत. संस्थेने आपल्या उपविधींत, म्हणजे स्वतःच्या नियमावलीत, ते स्वीकारलेले असावे लागतात. नोटिशीत उपविधीचा उल्लेख मला दिसला नाही. त्यांची प्रत लेखी मागा आणि ती मिळेपर्यंत मुदतवाढही मागा.

नोटिशीविरुद्ध लगेच कोर्टात जावं, असं तुम्हाला वाटतंय. ते घाईचं होईल. नुसत्या कारणे दाखवा नोटिशीत न्यायालयं सहसा हात घालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कुनिशेट्टी सत्यनारायण प्रकरणात हेच सांगितलं. पुढे शिक्षा झाली, तर मात्र लढायला जागा आहे. सरकारी नोकरीत शिरल्यावर मूलभूत हक्क दाराबाहेर राहत नाहीत, हे 1962 च्या कामेश्वर प्रसाद निकालापासून ठरलेलं आहे. पण 1998 मध्ये देवेंद्रप्पा प्रकरणात त्याच न्यायालयाने वरिष्ठांवर जाहीर टीका करणाऱ्या कर्मचाऱ्याची बडतर्फी कायम केली, हेही मी लपवणार नाही. म्हणूनच ते नववं वाक्य मला टोचतं.

नोटिशीत ‘जनतेत संभ्रम पसरू नये’ असं कारण दिलंय. जानेवारी 2023 मध्ये उत्तराखंडातलं जोशीमठ खचत असताना हेच ऐकलं होतं. बारा दिवसांत 5.4 सेंटिमीटर खचल्याचा इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राचा अहवाल संकेतस्थळावरून उतरवला गेला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संस्थांना माध्यमांशी बोलू नका असं कळवलं. ज्यांच्या भिंतींना तडे जात होते, त्यांनाच आकडा कळू द्यायचा नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. महाडमध्ये तर 22 जुलै 2021 ला तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली आहेत. तिथल्या लोकांना उताराबद्दल सांगणं हा गुन्हा असू शकत नाही.

तुमचं तोंड बंद झालं, तरी माहितीची वाट बंद होत नाही. माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाट अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला मिळाला आणि तिथेच अडकला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकाराचा अर्ज केला, माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल 2012 मध्ये अहवाल खुला करायला सांगितला, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि हरलं. अहवाल मे महिन्यात लोकांसमोर आला. तुम्ही बोललात त्या गावातला कुणीही असा अर्ज करू शकतो. जीविताचा प्रश्न असेल, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 7 प्रमाणे उत्तर 48 तासांत द्यावं लागतं.

आणि तुमच्या अभ्यासात त्या उताराला धोका दिसत असेल, तर तो संचालकांमार्फत रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. खुलाशाचं प्रकरण चालू आहे म्हणून थांबू नका. पत्राच्या पोचेवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका.