छाती थोपटण्याआधी

कफ सुटावा म्हणून रुग्णाची छाती-पाठ थोपटायची असेल, तर आधी स्टेथोस्कोप लाव, मग हात. कफ नेमका कुठे साचलाय हे न ऐकता सरसकट पाठ थोपटत सुटणं म्हणजे रुग्णाला उगाच दमवणं. एक्स-रे असेल तर तोही बघ.

थोपटताना तळवा खोलगट ठेव, ओंजळीसारखा, आणि मनगट सैल. आवाज पोकळ यायला हवा. चापट मारल्यासारखा आला किंवा कातडी लाल झाली तर हात सपाट पडतोय. जोर खांद्यातून लावू नकोस. मध्ये पातळ कापड असू दे. मणका, छातीचं मधलं हाड, स्तन आणि मूत्रपिंडाची जागा टाळायची. एका भागाला साधारण ३ ते ५ मिनिटं.

कंपनं, म्हणजे छातीवर हात ठेवून दिलेली थरथर, मात्र फक्त श्वास सोडताना द्यायची. नवे शिकाऊ रुग्ण श्वास घेत असतानाही हात हलवत राहतात, तिथेच सगळं बिघडतं.

जेवणानंतर दीड-दोन तास तरी थांब. कफ खाली उतरावा म्हणून डोकं खाली करून झोपवण्याचा मोह आवर: छातीत जळजळ, मेंदूवरचा वाढलेला दाब, धाप, अशा रुग्णांना ती स्थिती त्रासदायक ठरते. कुशीवर झोपवूनही बरंच काम होतं. बरगडी मोडलेली, थुंकीतून रक्त येतंय, हाडं ठिसूळ, रक्त गोठण्यात अडचण असेल तर थोपटू नकोस, डॉक्टरांशी बोल.

आणि खरं सांगू? शुद्धीत असलेल्या रुग्णाला 'हफ' नीट शिकवलंस, म्हणजे तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ धरल्यासारखा जोरदार उच्छ्वास, तर निम्मं थोपटणं वाचतं. संपल्यावर पुन्हा ऐक, ऑक्सिजनचा आकडाही बघ.