आईच्या वहीत शुगर रोज 112 कशी?

टोरांटोहून आलेलं तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून तूच म्हणते. आई-बाबा इथे इंदूरला टिळक नगरात, आई 68 ची, शुगर 12 वर्षांपासून, आणि दिवाळीनंतर ती बोलेनाशीच झालीये, सकाळचं फिरणं सुटलं, भजनी मंडळ सुटलं, पोह्यांवर मूठभर शेव घेणारी बाई आता दोन घास खाऊन उठते, आणि डॉक्टरांसमोर डोळ्यात पाणी आलं तर ते म्हणाले "माताजी, रोना छोड़ो, मीठा छोड़ो, सब ठीक हो जाएगा" आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. तुला राग आला, मलाही आला वाचून.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती शुगरचे रोजचे आकडे लिहायची वही. तुझा मामेभाऊ घरी गेला तेव्हा त्याने पाहिलं, महिनाभर रोज 110, 112, 114, सगळं एकाच पेनाने एका बैठकीत लिहिल्यासारखं, आणि मीटरच्या स्ट्रिप्सच्या डबीचं सीलही तोडलेलं नाही. एचबीएवनसी मात्र 9.4, म्हणजे बरंच वाढलेलं. ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तिच्यापुढे वही टिकत नाही, म्हणून डॉक्टरांना वाटलं बाई खोटं बोलतेय. अगं, ती खोटं बोलत नाहीये, ती घाबरलीये. मी स्वतः 19 वर्षांची शुगरची पेशंट, आमचे हे गेले त्या वर्षी मीही हेच केलं, वहीत मनाने आकडे भरायचे, कारण सुईपेक्षा त्या खुर्चीत बसून ऐकून घ्यायची भीती जास्त वाटायची.

शुगर असलेल्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांपेक्षा जवळपास दुप्पट असतं, आणि दोन्ही एकमेकांना धरून चालतात, मन उतरलं की चालणं बंद, जेवणाच्या वेळा बिघडतात, गोळी राहते, शुगर चढते, चढली की अजून थकवा आणि अजून अपराधी वाटणं. यात आईचा आळस शोधू नका कोणी.

आता एक गोष्ट जी बाहेर राहून तुझ्या लक्षात येणार नाही. आपली आई घरात मराठी बोलते आणि दवाखान्यात हिंदी. "करमत नाही", "मनच लागत नाही", "उगाच भरून येतं" हे तिला हिंदीत सांगता येत नाही, मग ती म्हणते "कमजोरी लगती है", आणि कमजोरी म्हटलं की ताकदीच्या गोळ्या लिहून मिळतात. म्हणून पुढच्या वेळी एका कागदावर चार ओळी लिहून द्या, हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये. केव्हापासून उदास आहे, झोप किती, जेवण किती, कशातच रस नाही, आणि शेवटी स्पष्ट की हे डिप्रेशन आहे का ते तपासा किंवा सायकियाट्रिस्टकडे पाठवा. आत गेल्या गेल्या कागद द्यायचा, उठताना नाही. सोबत मामेभाऊ असू दे, बाबा नकोत, ते डॉक्टरांच्या हो ला हो करतात असं तूच लिहिलंयस. संध्याकाळी 7 ची अपॉइंटमेंट घेतली तर उन्हाळ्यात तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ असतात, डॉक्टरांना विचारून स्पीकरवर ये.

व्हिटॅमिन बी12 आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांग. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू असली की बी12 कमी होऊ शकतं आणि त्यानेही थकवा येतो, मन उतरतं, पायांना मुंग्या येतात. आणि तिला मधेच घाम सुटून घबराट होते ना, तिला दरवेळी टेन्शन समजू नका, गोळी घेतली आणि जेवली नाही तर शुगर खाली जाऊ शकते. त्याच क्षणी मीटर लावा. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी परत बघा.

कागद देऊनही त्यांनी हसण्यावारी नेलं तर डॉक्टर बदला. आई म्हणेल इतकी वर्षं जातोय, त्यांना काय वाटेल. त्यांना काही वाटत नाही गं, त्यांच्या बाहेर 40 जण बसलेले असतात. फाइल घ्या, रिपोर्ट घ्या, आणि नवीन डॉक्टर भेटेपर्यंत एकही गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नका. डिप्रेशनच्या गोळ्या लागल्या तर फरक दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडायच्या नाहीत, आणि शुगरची औषधं काय चालू आहेत ते त्या डॉक्टरांनाही दाखवायचं.

"आता जगून काय करायचंय" असं ती म्हणाली असेल तर ते बोलणं म्हणून सोडू नका. सरळ विचारायचं, आई, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी सोडायचं नाही, इन्सुलिन आणि गोळ्या बाबांच्या ताब्यात ठेवायच्या आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. टेली-मानसचा 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर दिवस-रात्र चालतो, फुकट आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. फोन मात्र इथूनच लावावा लागेल, बाबांच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून घे.

आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. तूच लिहिलंयस की रोज व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न "आज शुगर किती?" आणि मग "तू परत काय खाल्लंस?". इतक्या लांबून काळजी दुसरी कशी करणार, मला कळतं, माझी लेकही हेच करायची. पण आईला डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा ऐकावं लागतं आणि तुझ्याकडे रोज. पंधरा दिवस शुगर विचारू नकोस. मीटर, आकडे मामेभाऊ बघेल. तू तुझ्याकडचा बर्फ दाखव, भाजी कशी फोडणीला टाकू विचार, ती गप्प बसली तर तूही फोन चालू ठेवून गप्प बस. ज्या दिवशी ती आपणहून सांगेल की आज 260 आली, त्या दिवशी फक्त एवढंच म्हण, "बरं झालं सांगितलंस, जेवलीस का?"