बाजू बदललेला पायलट आणि शपथेचा प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, मी लश्करमध्ये जिवाजीगंजला राहते, बी.ए. फायनलला आहे. दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचताना कळलं की जर्मनी एक करणाऱ्या चान्सेलर बिस्मार्कचा पणतू हिटलरच्या हवाई दलात फायटर पायलट होता आणि पकडला गेल्यावर तो रशियनांच्या बाजूने गेला. घरी सांगितलं तर आजोबा म्हणाले, गद्दार तो गद्दारच. आजोबा एअरफोर्समधून रिटायर झालेत, महाराजपूरला होते, त्यांच्यापुढे काय बोलणार! पण हेच आजोबा शिवपुरीच्या ढिल्लन साहेबांचं नाव निघालं की हात जोडतात. त्यांनीही बाजू बदललीच होती ना? मग फरक काय?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : अगं, नेमकं बोट ठेवलंस. आधी तो पायलट कोण ते बघू, मग आजोबांकडे येऊ.

हाइनरिश फॉन आइनझीडेल. जन्म १९२१, पोट्सडामचा, आई बिस्मार्कची नात. मेसरश्मिट १०९ हे लढाऊ विमान चालवायचा, नावावर ३५ विमानं पाडल्याची नोंद आणि वय जेमतेम एकवीस. ३० ऑगस्ट १९४२ ला स्टालिनग्राडजवळ लढाईत त्याला विमान रशियन हद्दीत खाली उतरवावं लागलं आणि तो पकडला गेला. म्हणजे बघ, विमान घेऊन तिकडे पळाला असं काही नाहीये. आधी कैदी झाला, मग छावणीत वाचन, वाद, मॉस्कोत आसरा घेतलेल्या जर्मन कम्युनिस्टांशी बोलणं, आणि तेवढ्यात स्टालिनग्राडला आख्खं जर्मन सैन्य गारद झालं. हे सगळं होऊन मग तो बदलला.

जुलै १९४३ मध्ये मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला जर्मन कैदी आणि कम्युनिस्टांची मिळून 'स्वतंत्र जर्मनी' नावाची राष्ट्रीय समिती बनली. अध्यक्ष कवी एरिश वाइनर्ट आणि उपाध्यक्षांत हा बावीस वर्षांचाही न झालेला पोरगा. का, तर आडनावापेक्षा पणजोबाचं नाव मोठं! बिस्मार्कने १८८७ मध्ये रशियाशी गुप्त करार करून ठेवला होता, रशियाशी भांडण नको हे त्याचं धोरण प्रत्येक जर्मन ऑफिसरला पाठ, मग त्याच्याच पणतूच्या तोंडून ते ऐकवण्यासारखं दुसरं काय असणार. समितीने झेंडासुद्धा जुन्या साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल घेतला, लाल बावटा नाही, म्हणजे ऑफिसर लोक बिचकायला नकोत. आघाडीवर पत्रकं टाकायची, लाउडस्पीकरवरून जर्मन सैनिकांना हाक द्यायची, लढाई थांबवा, हिटलरला सोडा. एवढं करूनही मोठ्या संख्येने कोणी आलं नाही हे खरं आहे.

आता लोक म्हणतात, कैदेत चांगलं खायला मिळावं म्हणून केलं असेल. काहींनी केलंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याच चळवळीतल्या, कैदेतल्या जर्मन जनरल झायडलिट्सचं काय झालं ते बघ. १९४४ ला हिटलरच्या कोर्टाने त्याला गैरहजेरीत फाशी सुनावली, घरच्यांना अटक केली, आणि युद्ध संपल्यावर ज्यांच्यासाठी तो उभा राहिला त्या रशियनांनीच १९५० मध्ये २५ वर्षांची शिक्षा ठोकली! १९५५ ला सुटला. भाकरीसाठी एवढा सौदा कोणी करत नाही.

आइनझीडेल मात्र वाचला. १९४५ ला जर्मनीच्या पूर्व प्रशियात रशियाची रेड आर्मी आत घुसली, तेव्हा बायकांवरचे अत्याचार आणि जाळपोळ त्याने स्वतः पाहिली आणि परत येऊन समितीतल्या लोकांना स्पष्ट सांगितली. तिथे गप्प बसणं सोपं होतं, म्हणून मला त्याची ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. पण तरीही तो त्यांच्याबरोबरच राहिला, १९४७ ला जर्मनीत येऊन सोव्हिएत सैन्याच्या पेपरमध्ये काम केलं, आणि हे मला पटत नाही, डोळ्यांनी एवढं बघितल्यावर अजून तीन वर्षं कशाची वाट बघायची? १९४८ ला आईला भेटायला पश्चिमेकडे गेला तर अमेरिकनांनी हेरगिरीच्या संशयावरून धरलं, नंतर सोडलं, आणि त्याच वर्षी त्याने कम्युनिस्टांशी संबंध तोडून पश्चिमेत राहायचं ठरवलं. म्हणजे तुझे आजोबा एकदा बाजू बदलली म्हणतायत, मी तर दोनदा म्हणेन.

आता ढिल्लन साहेब. गुरबक्षसिंग ढिल्लन ब्रिटिश इंडियन आर्मीत ऑफिसर, १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागले, आझाद हिंद सेनेत गेले, १९४५ ला ब्रह्मदेशात इरावती नदीवर ब्रिटिशांशी लढले. लाल किल्ल्यात शाहनवाज खान आणि सहगल यांच्याबरोबर खटला चालला, भुलाभाई देसाईंनी बाजू मांडली, जन्मठेप झाली पण देश एवढा पेटला होता की जानेवारी १९४६ मध्ये ती माफ करावी लागली. पुढे शिवपुरीजवळ हातोदला राहिले, २००६ ला गेले.

दोघंही कैदेतूनच उठले. फरक माझ्या मते शपथेत आहे. ढिल्लन साहेबांची शपथ परक्या राजाला होती, ती मोडली तेव्हा ते आपल्या माणसांकडे गेले. आइनझीडेलची गोष्ट जास्त अवघड, कारण समोर गोळी झेलणारी पोरं त्याच्याच देशाची. पण १९३४ पासून जर्मन सैनिकांना शपथ देशाची नाही, संविधानाची नाही, चक्क ॲडॉल्फ हिटलर या माणसाच्या नावाने घ्यावी लागायची, तो सांगेल ते बिनशर्त ऐकेन म्हणून. अशी शपथ मोडणाऱ्याला मी गद्दार म्हणणार नाही. स्टालिनच्या मदतीने मोडली याचा हिशोब वेगळा मांडायचा, आणि तो त्याच्या नावावर राहतोच.

आजोबांशी वाद घालू नकोस, त्यांना एवढंच विचार की तुम्ही भरती झालात तेव्हा शपथ कोणाची घेतली होती. ते सांगतील, भारताच्या संविधानाची. मग पुढचं बोलणं सुरू कर, जेवण झाल्यावर, रात्रीच्या बातम्या लागायच्या आधी.

आणि हो, आइनझीडेल पुढे सोशल डेमोक्रॅट पक्षात होता, १९९४ ला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी डाव्या पीडीएस पक्षाकडून जर्मन संसदेत निवडून गेला, १९९८ पर्यंत खासदार होता, २००७ ला म्युनिकला वारला. गद्दार म्हणणारे तिथेही शेवटपर्यंत होतेच.