व्हेटो असलेला देशच युद्धात उतरला, तर युनोच्या हातात काय उरतं?

तुमचा प्रश्न असा आहे: रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा युनो नुसती बघत बसली, मग ती बंदच का करू नये? तुमचा राग मला समजतो, कारण तो मीही अनुभवलाय.

२४ फेब्रुवारी २०२२च्या सकाळी मी चहाचा कप घेऊन युनोच्या सुरक्षा परिषदेची बैठक लाइव्ह पाहत होते. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा २३ तारखेची रात्र होती. युद्ध टळावं म्हणून घाईने बैठक बोलावलेली, आणि ती चालू असतानाच पुतिन यांनी ‘विशेष लष्करी कारवाई’ जाहीर केली. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला फिरतं. त्या महिन्यात ते रशियाकडेच होतं. युक्रेनचे राजदूत सर्गी किस्लित्स्या मोबाइल हातात धरून अध्यक्षांना, म्हणजे रशियाच्याच राजदूतांना, सांगत होते की तुमच्या परराष्ट्रमंत्र्यांना आत्ता फोन लावा आणि हे अध्यक्षपद सोडा. ते काही सुटलं नाही. दोनच दिवसांनी निषेधाचा ठराव मतदानाला आला. १५ पैकी ११ मतं बाजूने, भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिरात तटस्थ, विरोधात एकटा रशिया. रशिया हा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) एक, आणि त्यांच्यातल्या एकाचाही नकार म्हणजे व्हेटो. तेवढ्याने ठराव पडला.

पण ही यंत्रणा त्या दिवशी बिघडली असं मी म्हणणार नाही. ती बांधलीच तशी आहे. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत युनोची सनद, म्हणजे तिची घटना, ठरत असताना लहान देशांनी व्हेटोला कडाडून विरोध केला होता. तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी सनदेच्या मसुद्याची प्रत सगळ्यांसमोर टराटरा फाडली: व्हेटो नको असेल तर घरी जाऊन सांगा की आम्ही सनदच फाडून आलो. त्यामागे युनोच्या आधीच्या राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा) अनुभव होता. अमेरिका त्यात कधी गेलीच नाही, जपान आणि जर्मनी १९३३ मध्ये बाहेर पडले, पुढे इटलीही गेला. बडे देश आत टिकवायचे तर त्यांच्याविरुद्ध काही होणार नाही याची हमी द्यावी लागली. ती हमी म्हणजे व्हेटो.

वादात जो पक्ष आहे त्याने मत देऊ नये, असं सनदेच्या २७व्या कलमात आहे खरं, पण ते शांततेने वाद मिटवण्यासंबंधीच्या निर्णयांपुरतंच, आणि तेही कित्येक दशकं कोणी नेटाने लावून धरलेलं नाही. सनद बदलायची तर १०८व्या कलमानुसार पाचही कायम सदस्यांची मंजुरी लागते. म्हणजे व्हेटो काढायलाही व्हेटोवाल्यांचीच परवानगी हवी. आणि हे एकट्या रशियाचं नाही. २००३ मध्ये अमेरिका परिषदेच्या मंजुरीशिवाय इराकमध्ये शिरली, तेव्हाही तिला कोणी अडवू शकलं नाही.

आमसभेत, म्हणजे जिथे सगळे सदस्य देश बसतात आणि व्हेटो नसतो तिथे, २ मार्च २०२२ रोजी १४१ देशांनी रशियाविरुद्ध मत दिलं. रणगाडे त्याने थांबले नाहीत, कारण आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो.

तरीही बंद करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, ती काळ्या समुद्रातल्या धान्यामुळे. युक्रेनची बंदरं अडली होती, जगभर गव्हाचे भाव चढले होते. सूर्यफूल तेलासाठी युक्रेनवर विसंबलेल्या आपल्या स्वयंपाकघरांनाही त्याची झळ बसली. २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये युक्रेनचं धान्य जहाजांनी सुखरूप बाहेर काढण्याचा करार झाला, पण रशिया आणि युक्रेनने एकमेकांबरोबर सही केलीच नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर, तुर्कस्तान आणि युनोबरोबर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रं पडली, तरी करार मोडला नाही. १ ऑगस्टला ‘राझोनी’ हे जहाज २६ हजार टनांहून जास्त मका घेऊन ओडेसाहून निघालं. पुढे इस्तंबूलजवळ रशिया, युक्रेन, तुर्कस्तान आणि युनो या चौघांची माणसं एकत्र जहाजांवर चढून तपासणी करायची. ज्यांचे सैनिक एकमेकांवर तोफा डागत होते, त्यांची माणसं एकाच जहाजाच्या डेकवर! वर्षभरात ३ कोटी २० लाख टनांहून जास्त धान्य बाहेर पडलं. रशियाला आपलं धान्य आणि खत विकायचं होतं, युक्रेनला पैसा हवा होता, म्हणून हे जमलं. आपल्या अटी पाळल्या जात नाहीत असं म्हणत १७ जुलै २०२३ रोजी रशिया बाहेर पडला आणि करार संपला. युनोचे सरचिटणीस गुटेरेस यांनी पुतिन यांना पत्र लिहून पाहिलं होतं. त्यापलीकडे त्यांच्या हातात काहीच नव्हतं.