पावसात, गार वाऱ्यात ओल्या सरपणावर चूल कशी पेटवायची?

जुलैत सह्याद्रीत मुक्काम, सरपण भिजलेलं, वारा सुटलेला आणि अर्धी काडेपेटी संपूनही चूल पेटत नाही, असं तुम्ही विचारलंय. लाकूड तयार न करताच काडी ओढली की हेच होतं. आधी अर्धा तास नुसत्या लाकडावर घालवा.

(हे शेतातल्या किंवा परवानगी असलेल्या जागेसाठी. अभयारण्यात आग नकोच. हरिश्चंद्रगडावर जाणार असाल तर पायथ्याच्या पाचनई गावात कुणाच्या घरीच चुलीशी बसा.)

जमिनीवर पडलेलं लाकूड उचलू नका, ते पाणी पिऊन बसलेलं असतं. झाडावरच वाळलेली किंवा वर अडकून राहिलेली फांदी शोधा. कट्कन मोडली तर घ्या, नुसती लवली तर सोडा. मनगटाएवढ्या जाडीचा हातभर तुकडा उभा धरून टोकावर कोयता ठेवा आणि वरून दांडक्याने ठोका. चार फाका झाल्या की साल आणि काळपट ओला थर तासून टाका. आतलं लाकूड गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे. मग त्याचे तीन ढीग करा: आगकाडीएवढ्या चिपा दोन मुठी, पेन्सिलीएवढ्या काटक्या तेवढ्याच, अंगठ्याएवढ्या त्याहून जास्त. सगळं प्लॅस्टिकखाली.

पाणी शून्य अंशापासून उकळीला आणायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. म्हणून जाड ओलं लाकूड लवकर घातलं की कोवळी आग ती वाफ करण्यातच मरते.

चुलीला ओढ्यातले दगड नकोत. आत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटतात, कपच्या उडतात. तळाला चपटा दगड, वाऱ्याच्या बाजूला मोठा दगड.

कापराच्या दोन वड्या आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी. रबर पावसातही जळतं, पण धूर वाईट. तो संपल्याशिवाय भांडं चढवू नका. वाऱ्याकडे पाठ करून ओंजळीत काडी ओढा. चिपा सैल ठेवा, दडपल्या की हवा कोंडून नुसता धूर होतो. ज्योत कोवळी असताना फुंकू नका. निखारा धरला की फुंकणीने बुडाशी, हळू आणि लांब.

ओली लाकडं चुलीभोवती उभी करून शेकत ठेवा. सकाळच्या चहापुरत्या चिपा रात्रीच पिशवीत बांधून घ्या. निखारे मात्र तंबूत नेऊ नका, त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.