ऑफिसमध्ये काम लवकर संपलं की रिकामं बसताना अपराधी वाटतं. अशा वेळी तुम्ही काय करता?

अपराधी वाटून घेऊ नका. दिलेलं काम झालंय ना? मग पुढचं काम देणं ही साहेबांची जबाबदारी.

मी अकाउंट्समध्ये आहे. महिनाअखेरीला मान वर करायला फुरसत नसते आणि मधल्या दिवसांत दुपारनंतर हातात काही नसतं. आधीच्या नोकरीत बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे आपल्या हिशेबातल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं, माझ्याकडे होतं. माझ्याआधी स्टेटमेंटची प्रिंट काढून एकेका एन्ट्रीवर पेन्सिलीने टिक करत अख्खा दिवस जायचा. मी एक्सेलमध्ये चेक नंबर आणि रक्कम जुळवणारा फॉर्म्युला बसवला. न जुळलेलं तेवढं बाजूला पडायचं: बँकेने कापलेले चार्जेस, न वटलेले चेक, ५४ च्या जागी ४५ टाकलेलं. (फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी आकडे उलटे पडलेत का ते बघावं.) जेवणाच्या सुट्टीआधी सगळं मोकळं. मग मी कराच्या नियमांतले बदल वाचत बसायचे.

एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. "पगार वाचायचा घेता का?" सगळ्यांसमोर. आणि शेजारच्या टेबलावरचा तुंबलेला व्हाउचरचा गठ्ठा माझ्यापुढे आला. तो ज्यांचा, ते रोज उशिरापर्यंत बसायचे म्हणून मेहनती!

त्यानंतर माझं काम दुपारीच तयार असायचं, पण मेल संध्याकाळी जायचा. मधला सगळा वेळ शीट उघडी ठेवायची, पावलं वाजली की एखादा कॉलम रुंद करायचा. त्या दुपारींनी जितकी दमले तितकी महिनाअखेरीला कधी दमले नाही.

हे माझ्या एकटीचं नाही. अँड्र्यू ब्रॉडस्की आणि टेरेसा अमाबिले यांचा अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७८ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की कामाच्या वेळेत रिकामं बसायची पाळी येते, साधारण २२ टक्के लोकांवर तर रोज. पुढे नुसतं बसून राहायचंय हे दिसलं की माणसं हातातलं काम लांबवतात. मात्र त्या वेळात इंटरनेट वापरायची मोकळीक दिली, तर ती लांबण लागत नाही. साहेबांनी गठ्ठा आपटण्याऐवजी मला वाचू दिलं असतं तर मेल दुपारीच गेला असता.

तर तुम्ही काय करावं? "हे झालं, पुढचं सांगा" असा दोन ओळींचा मेल टाका आणि बिनधास्त काहीतरी शिकत बसा. अर्थात काम पडून असताना मोबाईल चाळणाऱ्यांसाठी हे नाही. आणि अग्निशमन किंवा रुग्णवाहिकेवरच्या लोकांची गोष्टच वेगळी, तिथे तयार बसणं हेच काम.

पुढचं म्हणून दुसऱ्याचं तुंबलेलं काम आलं तर करा, पण ते तुमच्या नावावर लिहून घ्या. व्हाउचर मी केले आणि पगारवाढ मात्र उशिरापर्यंत बसणाऱ्यांना मिळाली. साहेबांना कारण विचारलं तर म्हणाले, "तुमच्याकडे तसंही काम नसतं."